पितृमुखी

दाढ काढायला आलेल्या माणसानं डॉक्टरच्या हाताची काळजी करावी, यात वावगं काही नाही. पण म्हणून कुणी डॉक्टरचीच परीक्षा घेत नाही. बर्वेमाईंनी घेतली.

"राग मानू नका हं डॉक्टर," खुर्चीत टेकता टेकता त्या म्हणाल्या, "तो चूळ भरायचा पेला आहे ना, तो काठोकाठ भरून जरा हातात धरता? नुसता धरायचा."

डॉक्टर केतकी वेळशीकर चिपळुणात अठरा वर्षं दातांचा दवाखाना चालवत होती. अर्ध्या गावाची तोंडं तिला आतून पाठ होती आणि बर्वेमाईंची ही दाढ तर तिनं दोनदा वाचवली होती. तिनं मुकाट्यानं पेला भरला आणि धरला. उतू जायला आलेल्या दुधाकडे पाहावं तशा माई त्या पेल्याकडे पाहत राहिल्या. पाणी हललं नाही. तरी माईंचा चेहरा काही निवळेना.

"मला तसं काही नाही हो. सून म्हणाली, आपलं बघून घ्या." मग त्यांना एकाएकी आठवलं की आज मंगळवार आहे आणि मंगळवारी दाढ काढलेली त्यांना सोसत नाही. पुढच्या आठवड्यात येते म्हणून त्या गेल्या.

"या पण नाही यायच्या मॅडम," दवाखान्यातली मदतनीस रेश्मा म्हणाली. "खेर्डीच्या नव्या डॉक्टरकडे जातील बघा."

"पण यांच्या सुनेला कुणी सांगितलं?"

रेश्मानं मान खाली घातली. "सांगायला कशाला लागतंय? तुमच्या घराण्याच्या झाडावर सगळ्यांनी बघितलंय. मी पण बघितलं. सॉरी मॅडम."

ते झाड म्हणजे वेळशीकर कुलमंडळाचा अभिमान. पूर्वी मंडळ वीस-पंचवीस वर्षांनी एकदा कुलवृत्तांत छापत असे. जाडजूड, कापडी बांधणीचा. तो प्रत्येक वेळशीकराच्या घरी असे. प्रत्येक जण तो एकदाच उघडे, आपलं नाव शोधे, जन्मसाल चुकलेलं बघून मंडळाच्या नावानं बोटं मोडे, आणि मग तो ग्रंथ डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली कायमचा कामाला लागे. पुढे ‘आप्त’ आलं आणि हे सगळं बदललं. ‘आप्त’ ही संगणकावरची वंशावळ. तिच्यात प्रत्येक माणसाला एक चौकट, आणि त्या चौकटीत नुसता जन्म-लग्न-मृत्यू नाही तर माणूस हसायचा कसा, कशाला चिडायचा, आमटीत गूळ किती घालायचा, इथपर्यंत सगळं.

त्यामागचं शास्त्र वाटतं तितकं अवघड नाही. माणूस मरतो, पण त्याच्या जनुकांचे तुकडे मुलानातवंडांत वाटले गेलेले असतात, वाटणीत घरची भांडी जातात तसे. कुणाकडे परात, कुणाकडे तांब्या. शंभरेक वारसांची लाळ तपासून कोणता तुकडा कुणाकडून आला हे ताडून पाहिलं, की गेलेल्या माणसाचा संसार बराचसा पुन्हा मांडता येतो. ‘आप्त’नं असे पाच-सहा पिढ्यांपूर्वीचे वेळशीकर मांडून दाखवले. त्यांचा वर्ण, उंची, टक्कल, गोड पचत होतं की नाही, सारं काही. त्यावर जिवंत नातेवाइकांनी आठवणी, फोटो आणि लग्नांच्या चित्रफिती ओतायच्या. मंडळाचे कार्यवाह विद्याधरकाका बँकेतून निवृत्त झाल्यापासून रिकामेच होते. ते रत्नागिरीहून घरोघर हिंडून वेळशीकरांकडून आठवणी वसूल करू लागले, आणि पूर्वी कर्जं वसूल करत त्याहून जास्त यश त्यांना यात आलं.

केतकीकडे ते आले तेव्हा तिनं लाळ द्यायला नकार दिला, पण आठवणी भरभरून दिल्या. दिल्या त्या तिच्या बाबांच्या, भालचंद्र वेळशीकरांच्या. ते चित्रकलेचे मास्तर. फळ्यावर पट्टी न लावता सरळ रेघ मारत आणि पोरं टाळ्या वाजवत. मग एका वर्षी ती रेघ वाकडी झाली. बोटं आपली आपण हलू लागली, मग खांदा उडू लागला, मग स्वभाव गेला, शेवटी वाचा. घरात या आजाराला ‘वारं’ म्हणत. आजोबांनाही तेच होतं, पण आजोबांना मागच्या खोलीत कोंडून लोकांना ‘काशीला गेलेत’ म्हणून सांगत. केतकीला या लपवाछपवीचा तिटकारा होता. तिनं बाबांचा आजार डॉक्टरच्या शिस्तीनं आणि मुलीच्या मायेनं पहिल्या दिवसापासून लिहून दिला. कुठला हात आधी हलला, चालताना पाऊल कसं पडे, पेला कसा धरत. ते वाचून विद्याधरकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "भालूदादा उभा केलास पोरी," ते म्हणाले होते.

बाबा गेले तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. हा आजार एकाच जनुकातल्या बिघाडाचा. जनुकाच्या लिपीतली तीच तीन अक्षरं बिघडलेल्या छापखान्यातून निघाल्यासारखी पुन्हा पुन्हा छापली जातात आणि चाळिशीनंतर मेंदूला त्याची किंमत मोजावी लागते. बापाला असला तर पोराला येईल किंवा येणार नाही. छापा की काटा, मधलं काही नाही. आला तर त्याचा वेग थोडा कमी करणारी इंजेक्शनं निघाली होती; बरा करणारं औषध नव्हतं. थेंबभर रक्त दिलं की कळत होतं. केतकीनं ते दिलं नाही. नाणं हवेत आहे तोवर ते काट्यावर पडलेलं नसतं, असं ती म्हणे. तिनं आणखी एक गोष्ट त्याच वर्षी कुणालाही न विचारता ठरवली होती. हे पुढे कुणाला द्यायचं नाही.

तन्मय तिच्याबरोबर शिकत होता. त्यानं दोनदा विचारलं. तिनं दोनदा नाही म्हटलं आणि कारण सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, तपासून घे; किंवा त्याहून वाईट म्हणजे, माझी हरकत नाही. त्याच्यावर तिचं मनापासून प्रेम होतं आणि म्हणूनच तिला त्याला आपल्या उशाशी पेला धरून बसवायचं नव्हतं. तो नाशिकला गेला, त्याचं लग्न झालं, मुलं झाली. केतकीनं दवाखाना थाटला, सुट्ट्यांत एकटीनं डोंगर पालथे घातले, आणि ‘कदाचित’ या एका शब्दावर स्वतःचं आयुष्य नीटनेटकं मांडलं. आता ती सेहेचाळीस वर्षांची होती आणि त्या मांडणीबद्दल तिची तक्रार नव्हती.

पण ‘आप्त’ला रिकामी चौकट बघवत नसे.

मुलगी झाली की आपल्याकडे पाळण्याशी वाकून बायका म्हणतात, "बापावर गेलीय हो. पितृमुखी, सदा सुखी!" मुलगी बापासारखी दिसो न दिसो, पेढा हातावर पडला की म्हणतात. केतकीच्या बारशाला म्हणाल्या, मुंजी-लग्नांत म्हणत राहिल्या, आणि भालचंद्र गेल्यावर तर जास्तच म्हणू लागल्या, कारण त्यानं तिला बरं वाटेल असं सगळ्यांना वाटे. तिला वाटतही असे. ‘आप्त’नं जेव्हा नातेवाइकांना विचारलं, केतकीबद्दल काही सांगा, तेव्हा त्यांनी तेच सांगितलं. अगदी भालूवर गेलीय. चालण्याची लकब तीच. रागावली की तसाच उजवा खांदा उडतो. पेन धरायची तऱ्हासुद्धा त्याचीच! प्रत्येकानं आपापल्या मायेप्रमाणे थोडं तिखटमीठ लावलं होतं.

यंत्राला बारसं ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी ते आशीर्वाद नव्हते, साक्षी होत्या. एकमेकींना दुजोरा देणाऱ्या, वर्षानुवर्षांच्या साक्षी. आणि ज्या लकबी केतकीत आहेत असं सगळे म्हणत होते, त्या भालचंद्रांच्या आजारात कशा वाढत गेल्या हे तर तिनंच तपशीलवार लिहून दिलेलं होतं. त्यात जनुकांच्या शेजाराचं गणित आलं. गुणसूत्रावर जवळजवळ असलेली जनुकं बहुधा एकत्रच पुढे जातात. हनुवटीची खाच ज्या तुकड्यावर, त्याच तुकड्याच्या आसपास हा बिघाड होता. बाबांच्या हनुवटीला खाच होती. केतकीच्याही होती. शेजारी घरात असला म्हणजे घरमालकही आहेच असं नसतं, हे कुठल्याही डॉक्टरला कळतं, पण ‘आप्त’ला आकडा हवा होता. एके दिवशी तिच्या रिकाम्या चौकटीत तो उमटला. ‘वारसाहक्कानं आलेला चेतादोष: शक्यता शेकडा त्र्याऐंशी.’ आणि सोयरिकी जमवायला बरं म्हणून मंडळानं चौकटी सगळ्या जगाला खुल्या ठेवल्या होत्या.

बर्वेमाई गेल्या त्याच आठवड्यातल्या रविवारी तिनं विद्याधरकाकांना बोलावून घेतलं. ते आले ते उत्साहातच.

"काढायचं म्हणजे काय काढायचं केतकी? तू लाळ दिलीच नाहीस. तुझं असं त्यात काहीच नाही!"

"तेच म्हणतेय मी. माझं काही नाही, मग हा आकडा कुणाचा?"

"आमच्या आठवणींचा," काका अभिमानानं म्हणाले. "आणि आठवण ज्याची त्याच्या मालकीची. मी विचारून घेतलंय वकिलाला. रक्त द्यायला तू नाही म्हणू शकतेस. पण तुला आठवायला आम्हाला कोण नाही म्हणणार?"

"काका, माझे पेशंट मला पेले धरायला लावतायत."

काका जरा वरमले. माणूस दुष्ट नव्हता. असता तर केतकीला भांडणं सोपं गेलं असतं. "मग एकदाचा सोक्षमोक्ष का नाही लावत? रक्त दे. नसलं तर प्रश्नच मिटला. असलं तर... निदान कळेल तरी. तू तर स्वतः डॉक्टर."

"मला नाही कळून घ्यायचं. एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात माझी म्हणून ठेवलीय."

"पण आता सगळ्यांना कळलंच आहे की," काका म्हणाले, आणि आपण काय बोलून गेलो ते लक्षात येऊन चहा ओढू लागले. जाताना त्यांनी एक वाट सांगितली. ज्यानं आठवण दिली तो ती मागे घेऊ शकतो. सगळ्यात जास्त वजन सुहासआत्याच्या शब्दाला होतं, कारण बाप आणि लेक दोघांनाही तिनं लहानपणापासून पाहिलं होतं.

सुहासआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तिला वाऱ्यानं शिवलंही नव्हतं. गुहागरला दोन खोल्यांत एकटी राहायची आणि फणसाचे गरे तळून विकायची. केतकीनं सगळं सांगितलं तेव्हा तिचा झारा तेलातच राहिला.

"अगो, मी तर आशीर्वाद दिला हो! पितृमुखी म्हटलं तर त्यात काय चुकलं माझं?"

"काही चुकलं नाही आत्या. पण आता ते मागे घे. त्याला सांग, मी बाबांसारखी नाही."

गरे काळे पडले तेव्हा आत्यानं गॅस बंद केला. "भालू गेल्यावर तुझ्या तोंडाकडे बघून दिवस काढले मी," ती म्हणाली. "ते पण नाही म्हणून सांगू? बरं. आण तो फोन इकडे."

तिनं पदर सारखा केला, जणू कोर्टात उभी राहत होती. "मी सुहासिनी. आमची केतकी भालूसारखी नाही. मुळीच नाही. ती तिच्या आईवर गेलीय."

"धन्यवाद, सुहासआजी," फोनमधून गोड आवाज आला. "यापूर्वी आपण केतकी यांचं वडिलांशी साम्य पुष्कळदा सांगितलं आहे. आज मत का बदललं?"

आत्या गोंधळली. "तेव्हा मला नीट दिसत नव्हतं. मोतीबिंदू होता ना."

"आपली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया या आठवणींच्या आधी झाली आहे, आजी. आपल्या शेजारी आत्ता कुणी बसलं आहे का?"

"कोण बसणार आहे? कुणी नाही!" आत्या जोरात म्हणाली. केतकीनं श्वास रोखला, पण तो आधीच ऐकला गेला असावा. फोननं आभार मानले आणि चौकट नवी झाली. आकडा त्र्याऐंशीवरून एक्क्याण्णववर गेला होता. खाली एक ओळ वाढली होती. ‘या शाखेत आजार लपवण्याची परंपरा आढळते. साक्ष दडपणाखाली बदललेली दिसते.’ मागच्या खोलीतल्या आजोबांची हकिकत आत्यानंच कधीतरी विश्वासानं सांगितलेली होती.

"भालूचं तोंड पुसलं मी तुझ्या तोंडावरनं," आत्या रडत म्हणाली, "आणि तरी उपयोग नाही झाला गो."

केतकीनं ओरडावं तर ते रागीट स्वभावाचं लक्षण, गप्प राहावं तर लपवाछपवी; तिच्यावर माया करणारं प्रत्येक माणूस आता साक्षीदार होतं आणि त्यांतलं एकही तिच्या बाजूनं साक्ष देऊ शकत नव्हतं. परतीच्या वाटेवर तिच्या ध्यानात आलं की ती स्टिअरिंगवरच्या स्वतःच्याच बोटांकडे पाहतेय.

त्यानंतर ती कुठेही गेली की लोक तिच्या हाताकडे पाहत. कुणाच्या घरी चहा आला की बोलणं थांबे आणि तिनं कप उचलून परत ठेवेपर्यंत थांबलेलंच राही. चुलतबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला तर कुणीतरी प्रेमानं तिच्या हातातून ताट काढून घेतलं. "असू दे, असू दे, तू बस." तिला बसवलं, पाठीशी उशी दिली. तिथून ती जेवण अर्धं टाकून निघाली, आणि तिच्यामागे एक जण म्हणाली, भालूभावजी असेच उठून जायचे पंगतीतून.

दवाखान्याचा विमा उतरवणाऱ्या कंपनीचा फोन आला. हात स्थिर असल्याचा दाखला लागेल. दाखला कोण देईल? मेंदूचे डॉक्टर. मेंदूच्या डॉक्टरांना काय लागेल? रक्ताची तपासणी. नम्रपणे बोलत होता बिचारा तो मुलगा. त्यानं कशाचीच सक्ती केली नाही. फक्त प्रत्येक दार त्याच एका खोलीत उघडत होतं.

आणि मग एके दिवशी दाताच्या मुळात सुई घालताना तिचा हात खरंच थरथरला. एवढासाच. पेशंटला कळलंही नाही, पण रेश्माला कळलं. केतकीनं सुई खाली ठेवली आणि आत जाऊन बेसिनला धरून उभी राहिली. ही भीती होती की वारं? इतकी वर्षं तिला हा प्रश्न पडला नव्हता, कारण हात हलला तरी तो तिचा एकटीचा हात होता. आता तो सगळ्या वेळशीकरांचा झाला होता. न जाणण्याची मजा चार लोकांना ठाऊक नसेपर्यंतच असते. तिच्यापुरतं तर ते नाणं केव्हाच कुणीतरी हवेतल्या हवेत झेललं होतं आणि मुठीत धरून सगळ्यांना दाखवत सुटलं होतं, फक्त तिला सोडून.

ती कोल्हापूरला गेली आणि रक्त देऊन आली.

निकाल यायला दिवस लागणार होते. त्या दिवसांत ती इतकी शांत होती की रेश्माला काळजी वाटली. पण त्यात नवल नव्हतं. ‘आहे’ या उत्तराची तिनं अर्धं आयुष्य तयारी केली होती. दवाखाना कुणाला द्यायचा, शेवटी कुठल्या संस्थेत राहायचं, आत्याला काय सांगायचं, सगळं ठरलेलं होतं. निकाल ऐकायला ती गेली तेव्हा तिच्या पिशवीत त्या संस्थेच्या व्यवस्थापिकेचा नंबरसुद्धा होता.

समोर समुपदेशनाला बसलेली मुलगी तरुण होती. तिनं पडदा केतकीकडे वळवला आणि हसली. "दोष नाही, डॉक्टर. तुमच्यात तो नाहीच. अभिनंदन!"

केतकीनं ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. अक्षरं मोजकीच होती, निरोगी माणसात असतात तितकीच. "नमुन्याची अदलाबदल झाली नसेल ना?" तिनं विचारलं.

"दोनदा तपासलाय. तुमच्यासारख्या केसमध्ये आम्ही नेहमी दोनदा तपासतो." मुलीचं हसू जरा मावळलं. "मॅडम, पाणी देऊ?"

कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर तिनं गाडी थांबवली आणि आनंद होईल म्हणून वाट पाहत बसली. खाली सगळं कोकण हिरवंगार पसरलेलं होतं. आनंद काही येईना. त्याऐवजी तिला तन्मय आठवला. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाचा, आणि तिनं नाही म्हटल्यावर तिची पिशवी उचलून तिला स्टँडपर्यंत पोचवणारा. ती ज्या भिंतीला पाठ लावून इतकी वर्षं सावध बसली होती, ती भिंतच नव्हती. चालत गेली असती तर वाट मोकळी होती. तिनं कुणाला वाचवलं होतं? जी मुलं तिनं होऊ दिली नाहीत, ती निरोगी झाली असती, एकूण एक. ‘आहे’ असं निघालं असतं तर निदान तो त्याग तरी खरा ठरला असता, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःची शिसारी आली. मग ती स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसाहमशी रडली. तेव्हा तिचा हात अगदी स्थिर होता.

तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण आपला निकाल ‘आप्त’ला जोडायची परवानगी तिनंच देऊन ठेवली होती, आकडा पुसायचा दुसरा मार्गच नव्हता. ती घरी पोचायच्या आधी तिची चौकट कोरी करकरीत झाली होती. दुसऱ्या दिवशी बर्वेमाई दाढ घेऊन हजर झाल्या. वार मंगळवारच होता. विमा कंपनीच्या मुलानं शुभेच्छा दिल्या. आणि रविवारी विद्याधरकाका पेढ्यांचे पुडे घेऊन आले, त्यांच्याबरोबर दहा-बारा वेळशीकर आले, गुहागरहून आत्याला गाडीनं आणलं गेलं. घर भरून गेलं. जो तो केतकीला जवळ घेत होता. "सुटलीस गो बाई!" त्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. दुःखात कुणाला तरी ‘जा’ म्हणता येतं. पेढे घेऊन आलेल्यांना कसं म्हणणार?

ती चहा टाकायला आत गेली तशी आत्या मागोमाग आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"केतके, एक विचारू? तो नाशिकचा मुलगा. त्याला तू याच्यापायी नाही म्हणालीस?"

एवढ्या सगळ्या गर्दीत हे एकट्या आत्याच्या डोक्यात आलं होतं. केतकीनं आधणात साखर टाकली. "हो."

"आणि मुलंबाळं नकोत म्हणायचीस, ते पण?"

"ते पण."

"मला तरी सांगायचंस गो! मी रक्त द्यायला लावलं असतं. हाताला धरून नेलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सुटलीस असं ती एकटी म्हणाली नाही. चहाला उकळी आली आणि दोघी बाहेर आल्या.

बाहेर विद्याधरकाका मधल्या खुर्चीवर मांडीवर ‘आप्त’ उघडून बसले होते. "ये, ये! आज तुझी चौकट पुरी करूनच उठायचं," ते म्हणाले. "एवढी त्र्याऐंशी अन् एक्क्याण्णवाची भानगड झाली ती रिकाम्या जागेमुळेच. आता तू स्वतःच सांग, म्हणजे कुणाच्या साक्षीची गरज नाही. शिक्षण झालं, व्यवसाय झाला, छंद डोंगर चढणे. आता हे एक राहिलंय बघ. संतती नाही, तुझी रेघ इथे थांबते, तेव्हा ‘आप्त’ कारण विचारतंय. लग्न का केलं नाही? काय लिहू? जमलं नाही? आवड नव्हती?"

दोन्ही उत्तरं चालण्यासारखी होती. दोन्हींनी सगळे हसले असते, पेढे संपले असते आणि लोक घरी गेले असते. आत्या डोळ्यांनी तिला विनवत होती, काहीतरी सांगून मोकळी हो.

"भीती," केतकी म्हणाली. "भीती लिहा, काका."

काकांनी लिहिलंसुद्धा. मग त्यांचं बोट अडखळलं आणि त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. खोलीतली सगळीच माणसं पाहत होती. कुणाच्या हातात पेढा तसाच राहिला होता.

"पण भीती कशाची म्हणून लिहू पोरी?" काकांनी अगदी निरागसपणे विचारलं. "तुला तर काहीच नव्हतं."